डोंगरावरचे दोन

बुधाजीनं डाकेची थैली पाठीवर नीट बसवली, घुंगरांची काठी डाव्या हातात घेतली आणि कड्याच्या चढाला तो पळतच भिडला.

फेरा चौदा मैलांचा होता. बोरदरीच्या डाकघरातून निघून खोऱ्यात उतरायचं, नाला ओलांडायचा, पलीकडचा कडा चढायचा, पठारावरच्या पाच गावांत पत्रं देऊन पुन्हा बोरदरीलाच यायचं. आठला निघालेला हरकारा दोनला परत, असं सरकारी कागदावर होतं. नत्थुजीनं सत्तावीस वर्षं हा फेरा सहा तासांतच केला, मिनिट इकडे नाही की तिकडे. वाघ आडवा आला त्या दिवशीही दोनच वाजले होते.

नत्थुजी थकल्यावर त्याच्या जागी बुधाजी आला. तीन महिने झाले, अजून तात्पुरताच. अमरावतीच्या दहा मैलांच्या शर्यतीत तो पहिला आला होता; तिथं मिळालेल्या पितळी कपानं त्याची आई ज्वारी मोजत असे. आज अमरावतीहून साहेब आले होते, फेऱ्याला किती वेळ लागतो ते पाहायला. नोकरी राहते की जाते, ते आजच ठरायचं होतं.

आदल्या संध्याकाळी नत्थुजी मुद्दाम ओट्यावर येऊन बसला होता.

"कड्यावर चपटा दगड हाय. तिथं बसत जाय."

"बाबाजी, साहेब घड्याळ घेऊन येऊन राहिला, अन् मी बसू?"

"म्हणून तं बसाचं. चार तासांच्या आत आला तं साहेब म्हणन, एवढ्याशा कामाले अलग माणूस कायले? बाजूच्या फेऱ्यावाल्याले हाही जोडून देईन."

बुधाजीला वाटलं, म्हातारं जळतंय. हळू धावल्याबद्दल कोणाला कप मिळाल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

भादव्याचं धुकं इतकं दाट होतं की सूर्य आहे की रजेवर गेला, ते कळत नव्हतं. चपटा दगड आला तसा मागे गेला. काठीची घुंगरं झणझणत बुधाजी पहिल्या गावात शिरला, आणि शाळा सुटली.

पाटीवर अर्धी गणितं घेऊन पोरं पळाली. जानराव गुरुजी खडू पुसत दारात आले.

"गुरुजी, आज मी लवकर आलो," बुधाजी म्हणाला.

"डाक आली ना?"

"आली."

"मंग वेळ झाली."

पठारावर घड्याळ कोणाकडेच नव्हतं, आणि सत्तावीस वर्षांत कोणाला त्याची गरजही पडली नव्हती. पुढच्या गावात घुंगरं ऐकून पार्वताबाईनं नवऱ्याला वावरातून हाक मारली. तो आला, ताटावर बसला आणि भूक नाही म्हणाला.

"तुमच्या पोटाले काय समजते," ती म्हणाली. "डाक गेली."

तो मुकाट्यानं जेवू लागला. बुधाजीला जरा चुकल्यासारखं झालं, पण पाय थांबेनात. जिथून तो गेला, तिथला दिवस त्याच्या मागोमाग पुढे सरकला. शेवटच्या उतारावर दोनदा घसरला आणि तेवढीच वाट वाचली म्हणून खूशही झाला.

डाकघरात साहेब खुर्चीवर होते, समोर कागद, मनगटावर घड्याळ. धुक्यातून घुंगरं ऐकू आली तसे पोस्टमास्तर खुशालराव उठले. भिंतीवरचं घड्याळ जुनं होतं, रोज थोडं मागं-पुढं जाई. म्हणून घुंगरं वाजली की ते दोनला लावायचं, हा तिथला रिवाज. खुशालराव स्टुलावर चढले, काच उघडली आणि काटा फिरवू लागले.

बुधाजी धापा टाकत दारात उभा राहिला तेव्हा घड्याळ बाराचे ठोके देत होतं. खुशालराव बाराही ठोके होईपर्यंत थांबले. मग एक वाजवला. मग दोन. काच लावून खाली उतरले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"दोन वाजले, साहेब."

"माझ्या घड्याळात अकरा पंचवीस झालेत."

"दमट हवा हाये. इथं घड्याळं मागं पडतात. आमचंही पडलंच होतं."

साहेबांनी बाहेर पाहिलं. सूर्य नव्हता. दोनला पत्र विचारायला येणारे तिघे मात्र ओट्यावर रोजच्यासारखे येऊन बसले होते. एक माणूस असता तर साहेबांनी त्याला दटावलं असतं. पण इथं अख्खा डोंगर एका बाजूला होता.

"साहेब, मी तं…" बुधाजी बोलू लागला.

खुशालरावांनी पाण्याचा लोटा त्याच्या हातात दिला.

"पाणी पी आधी," ते म्हणाले. "दोन वाजले."

साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे. मग नियमानं वेळ कचेरीच्या घड्याळाचीच, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी मनगटावरचा काटा पुढे सरकवला.

"पद रद्द करायचाच कागद लिहून आणला होता," ते म्हणाले, आणि तो चार तुकड्यांत फाडून नवा लिहू लागले. सहा तास. स्वतंत्र माणूस आवश्यक. कायम करावा.

चारची बस गाठायला ते वेळेवर फाट्यावर गेले. बस अडीच तास उशिरा आल्याची त्यांची तक्रार पुढे कित्येक महिने चालू होती.

संध्याकाळी नत्थुजी आला.

"बसला होता काय दगडावर?"

"नाही."

"तरी दोनच वाजले ना?"

"मास्तरनं वाजवले. माहे साडेतीन तासही झाले नव्हते, बाबाजी. हे कोणाले कधी समजनच नाही."

नत्थुजीनं बिडी पेटवली. त्यानं नवल काही केलं नाही.

"माह्या वक्ताले मास्तर दुसरा होता," तो म्हणाला. "स्टूल हेच."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बुधाजी सवयीनं धावतच कडा चढला आणि चपट्या दगडापाशी थांबला. दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. तो बसला. खाली सगळं खोरं उघडं पडलं होतं: सागाला आलेला पांढरा फुलोरा, नाल्याची चकाकती दोरी, आणि त्याही पलीकडे, ढगाच्या सावलीत, त्याच्या गावाकडचं काळं रान. तीन महिने तो इथून जात होता, आणि यातलं काही त्यानं पाहिलं नव्हतं.

पठारावरून पोरांच्या पाढ्यांचा आवाज येत होता. मध्येच पाढे थांबले. जानराव गुरुजी दारात येऊन कड्याकडे पाहत उभे राहिले.

वाऱ्यानं काठी हलली. बुधाजीनं घुंगरं चटकन मुठीत गच्च धरली.

गुरुजी आत गेले. सत्तावीसचा पाढा सुरू झाला.