सौद्याचा धूर

"रेस दे," इंद्रभान म्हणाला आणि सायलेन्सरमागे उकिडवा बसला.

अमरसिंगनं पाय दाबला. जुनी काळी मोटार थरथरली, खोकली आणि तिनं रिसोडच्या एस.टी. स्टँडमागची ती गल्ली धुरानं भरून टाकली. विकणारा अमरसिंग स्टिअरिंगवर, घेणारे उकंडराव पाटील बाजूला छत्री टेकून, आणि मध्ये इंद्रभान मिस्त्री. तालुक्यात जुनी गाडी विकायची तर सौदा इंद्रभानच्या तोंडानं व्हायचा. त्यानं धूर पाहून सांगायचं आणि दोघांनी ऐकायचं. सौदा होईपर्यंत गाडीला पाना लावायचा नाही, हा रिवाज. मुलगी पाहायला गेल्यावर दात मोजत नाहीत, तसंच हे, असं लोक म्हणत. मोजलेले बरे असतात, हे सगळ्यांना लग्नानंतर कळायचं.

गळतीचं काम बोटांवर भागलं होतं. आदल्या संध्याकाळी गाडीखाली इंद्रभाननं जुना पेपर अंथरला होता. रिसोडात पेपर नियमित वाचणारे दोघंच, एक हेडमास्तर आणि दुसरा इंद्रभान. हेडमास्तरांच्या पेपरात आणीबाणीच्या त्या शहात्तर सालात वाचण्यासारखं काही राहिलं नव्हतं. इंद्रभानच्या पेपरात थेंब तरी असायचे. थेंब इंजिनाच्या मागच्या बाजूला होते, दोन बोटांत चोळले तर पातळ. म्हणजे गिअरचं नव्हे, इंजिनाचं ऑईल. मागचं सील गेलेलं. एवढं त्यानं सांगून टाकलं होतं. पण सील ही किरकोळ बाब. खरं धुरात होतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी, आणि निळा म्हणजे इंजिन स्वतःच ऑईल पिऊन बसलंय, उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि निळा रंग इंद्रभानला दोन वर्षांपासून दिसत नव्हता.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काळं कळायचं, निळं आणि पांढरं दोन्ही मळक्या धोतरासारखं दिसायचं. नाक वेल्डिंगनं आधीच नेलेलं. हे फक्त वच्छलाला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. ती शेजारी बसून रॉकेलमध्ये पार्ट धुवायची आणि मान वर न करता रंग पुटपुटायची. आज ती मुलीच्या बाळंतपणाला रिठदला गेली होती.

डोळ्यांचं सरकारी शिबिर रिसोडात होऊन गेलं होतं. पण त्या साली शिबिर म्हटलं की बाप्ये नसबंदीच्या धास्तीनं तुरीत शिरत. शिबिर डोळ्यांचं होतं हे खरं, पण डॉक्टरची जीप तीच होती.

"सांग बापा," उकंडराव म्हणाले. "घेऊ का नको?"

इंद्रभाननं सायलेन्सरवर रुमाल धरला. रुमाल काळा झाला. जुन्या गाडीवर कोणताही रुमाल काळाच होतो. चुकीचा रंग सांगितला तर महिन्याभरात इंजिन बसेल, आणि त्यानंतर या गल्लीत विचारायला कुत्रंही येणार नाही. खरं सांगितलं तर ते आजच येणार नाही.

त्यानं वळून अमरसिंगकडे पाहिलं. चेहरा नीट दिसेना म्हणून जरा जास्तच वेळ, पापणी न लववता पाहिलं.

"अमरसिंग, तूच सांग. कोनता रंग हाय?"

अमरसिंगचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. तो आधी हसला, मग उकंडरावांकडे पाहू लागला, मग खाली.

"निया हाय, भाऊ," तो म्हणाला. "सकायी जाडं ऑईल टाकलं व्हतं मी. वाटलं, धूर दबन."

उकंडरावांनी निळ्या धुरापायी भाव उतरवून गाडी घेतली आणि स्टँडवर जाऊन सांगितलं, की असा माणूस पाहिला नाही. स्वतः एक शब्द बोलत नाही, चोराच्या तोंडून वदवते. आठवड्याभरात हे शिरपूरपर्यंत गेलं. पुढं जो येई त्याला इंद्रभान तेच विचारू लागला, आणि त्या नजरेपुढं कुणाची खोटं बोलायची छाती झाली नाही. एकानं तर धुरासोबत गाडी मेहुण्याची असल्याचंही कबूल केलं.

वच्छला रिठदहून आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"तुमाले कोनता दिसला व्हता?"

"धूर दिसला," तो म्हणाला.

धम्मचक्र दिनाला बौद्धवाड्यात नवा निळा झेंडा चढला. शिवला होता ग्यानबा शिंप्यानं, रात्रंदिवस मशीन चालवून. वंदना झाल्यावर लोक पांगू लागले. इंद्रभान टोपी हातात घेऊन तिथंच उभा राहिला. वर, आभाळात, राखाडी काहीतरी फडफडत होतं. तो मान मागं टाकून पाहत राहिला, पापणी न लववता.

ग्यानबा जवळच उभा होता. त्यानं एकदा झेंड्याकडं पाहिलं, एकदा इंद्रभानकडं, आणि चुळबुळू लागला.

"कापड थोडं फिकं हाय, इंद्रभान," तो अखेर हळूच म्हणाला. "नागपुरी कापड भेटलंच नाही. मले वाटलं, कोनाच्या ध्यानात नाही येनार."

वच्छला बाजूलाच होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

"नाही ग्यानबा," इंद्रभान म्हणाला. "चांगला गर्द निया हाय."

आणि टोपी न घालता उभाच राहिला.