नागुबाईंची तीच ती वाक्यं

बटण दाबू नका, आज मी आपणहून बोलतोय. मी जाहिदाचा टेपरेकॉर्डर.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. लातूरला मला जलीलमामूंनी आणलं, दुबईहून, टॉवेलात गुंडाळून. त्यांचा भाचा अजहर बारावीला होता आणि लातुरात तेव्हा गल्लोगल्ली कोचिंगच्या पाट्या लागत होत्या. वर्गात सर बोलत, मी ऐकून घेई, घरी अजहर तेच घोकी. सरांचं वाक्य जसंच्या तसं पेपरात उतरलं की पैकीच्या पैकी मार्क. मला वाटायचं, शिक्षण म्हणजे हेच.

अजहर इंजिनिअरिंगला गेला आणि मी त्याच्या बहिणीच्या, जाहिदाच्या पिशवीत आलो. ती नांदेडला विद्यापीठात एम.ए. करत होती. फर्स्ट क्लास मिळवून प्राध्यापक व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात. पण भारी भित्री. माझं बटण खट्कन वाजलं तरी दचकायची. लघुप्रबंधाला विषय घेतला, भूकंपानंतरचं किल्लारी. तिथल्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एक ओळ जरी उचललेली सापडली, तर प्रबंध बाद." तेव्हापासून ती स्वतःचं लिहिलेलंसुद्धा चोरट्यासारखी वाचायची.

जीपनं आम्ही किल्लारीला गेलो. नव्या वसाहतीत घरापुढं नागुबाई बसलेल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लाल दिवा लागला का, बाय? मागल्या खेपेच्या पोराचा लागलाच न्हवता. घंटाभर फुकट रडले मी."

दिवा लागला. त्यांनी घसा खाकरला. "इसर्जनाहून येऊन निजलो होतो. आदी आवाज आला. मग भिंती आल्या. लेक आलीच न्हाई."

जाहिदानं शब्दन् शब्द उतरवला. प्रबंधाचा कच्चा मसुदा दिला, आणि सरांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर मागच्या वर्षांतले तीन लघुप्रबंध उघडे होते. तिन्हींत तेच. आदी आवाज आला, मग भिंती आल्या.

"कुणाचं उचललंस?"

जाहिदानं मला टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. नागुबाईंचा आवाज खोलीभर झाला.

सरांनी तिन्ही प्रबंध मिटले. मग म्हणाले, "चोरी नाही, पटलं. पण हे सगळ्यांकडं आहे, जाहिदा. नवीन काही आण. नाहीतर फर्स्ट क्लास विसर."

पुन्हा जीप, पुन्हा तो उंबरा. "मावशी, कुणालाच सांगितलं नाही असं काही सांगता का? त्या संध्याकाळचं, लेकीचं?"

या वेळी नागुबाईंनी घसा खाकरला नाही. माझी फीत नुसतीच फिरत राहिली. मग त्या बोलल्या. त्या संध्याकाळी लेकीनं काय मागितलं, आणि आपण तिला काय म्हणालो, ते. आवाज दुसऱ्याच बाईचा वाटला. तेव्हा मला उमगलं, ती तीच ती वाक्यं म्हणजे त्यांनी आतून लावून घेतलेली कडी होती. आम्ही ती काढायला लावली.

बोलून झाल्यावर त्या घाबऱ्या झाल्या. "हे कागदावर न्हाई ना जाणार? मग जो येईल तो हेच इचारील गं."

जाहिदानं माझ्याकडं पाहिलं. कुणाकडंच नसलेला मजकूर माझ्या पोटात होता. तिनं फीत मागं नेली आणि ते पुसायला वरून कोरं रेकॉर्डिंग सुरू केलं. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. शेळी ओरडली, एसटी गेली. तेवढंच माझ्यात उतरलं.

प्रबंधात तिनं जुनीच वाक्यं अवतरणात घातली आणि खाली आधीच्या तिघांची नावं लिहिली. सरांचा शेरा आला, "प्रामाणिक. नवीन काही नाही." फर्स्ट क्लास हुकला, प्राध्यापकीही राहून गेली. आता ती लातूरच्या एका कोचिंगला नोट्स काढून देते. पोरं त्या जशाच्या तशा पाठ करतात.

नागुबाई गेल्या. माझा पट्टा सैल झालाय, फीत घेतली की चावतो. लेकीनं काय मागितलं होतं आणि त्या तिला काय म्हणाल्या, ते आता जाहिदाला आणि मलाच ठाऊक. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, मी सांगणार नाही. भंगारात घालायचं तर खुशाल घाला. फक्त आधी मला उघडून बघू नका, मीही आतून कडी लावलीय.