हिरव्या गाडीचा क्लच आणि केल्व्हिनचा पाय

माझ्या नवऱ्याची हिरवी गाडी एकोणसाठ सालची, इंग्लंडात बनलेली. ती आमच्या लग्नाच्या आधीपासून त्याच्याकडे आहे, त्यामुळे घरात मोठी कोण यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

गेल्या मार्चमध्ये केल्व्हिनला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता, पण डाव्या पायात जडपणा राहिला. आमच्याकडे हिवाळा जूनपासून, तो हिवाळाभर त्याने व्यायाम केला, लेव्हन नदीच्या काठाने रोज चालला, मला वीट येईपर्यंत जिने चढला-उतरला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पहिल्याच रविवारी तो जुन्या गाड्यांच्या क्लबाबरोबर डोंगराकडे फिरून आला आणि परत येताना गावाच्या चौकात गिअर पडेना. क्लचचं पेडल पार तळाला गेलेलं, तरी गिअर करकरत होता. मागे क्लबातल्या सगळ्यांच्या गाड्या रांगेत उभ्या. घरी आला तेव्हा मानेपर्यंत लाल झाला होता.

मंगळवारी तो रेक्सच्या शेडमध्ये गेला. रेक्स म्हणजे बर्नी गावच्या कागदाच्या गिरणीतला निवृत्त फिटर. आमच्या अल्व्हरस्टनमधली प्रत्येक जुनी गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. डग त्याचा जोडीदार. आधी गाई पाळायचा, आता शेडमध्ये टॉर्च धरतो आणि चहा करतो. दोघांनी क्लचला ऑइलचा दाब देणारा पेडलजवळचा सिलिंडर बदलला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. मग गिअरबॉक्सजवळचा बदलला, ऑइल नवं भरलं, त्यात अडकलेली हवा काढली. पुन्हा तेच. शेडमध्ये मात्र पेडल एकदम झकास! रेक्स नुसत्या हाताने दाबायचा आणि गाडीखाली पडलेला डग ओरडून सांगायचा, क्लचचा दांडा पूर्ण सरकतोय म्हणून.

एका मंगळवारी मी घरी भाजलेले स्कोन घेऊन गेले, तेव्हा रेक्सने मला किटलीपाशी बाजूला घेतलं.

"ग्लेनिस, गाडीला काही झालेलं नाही," तो हळूच म्हणाला. "त्याचा पाय आहे. त्याला वाटतं पेडल दाबलंय, पण ते पूर्ण दाबलंच जात नाही."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? झटक्याच्या रात्री तो पाय ओंडक्यासारखा पडलेला मीच पाहिला होता. त्यानंतर केल्व्हिन तक्रार घेऊन गेला की हे दोघे बॉनेट उघडायचे, उगाच एखादा पान्हा आपटायचे, थेंबभर ऑइल घालायचे आणि हात पुसत "झालं बघ" म्हणायचे. माणूस आजारातून उठलाय, त्याचं मन कशाला मोडा, असा सगळा मामला.

तुम्ही म्हणाल, एकदा गाडी रस्त्यावर नेऊन बघायची ना. तिथेच तर गोम आहे. आमच्याकडे दुसऱ्याच्या जुन्या गाडीखाली दिवसभर ग्रीसमध्ये लोळलात तरी चालतं, पण चालवायला मागायची नाही. मालकाने आपणहून किल्ली द्यावी लागते. दुसऱ्याच्या बायकोला नाचायला बोलावलं तर कुणी काही म्हणत नाही, गाडी मागणं मात्र शोभत नाही. आणि केल्व्हिनने जन्मात कुणाला किल्ली दिली नव्हती. मी अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली, तरी मलासुद्धा नाही.

गाडी काही सुधारेना आणि हळूहळू केल्व्हिन खचला. नदीकडे जाणं बंद केलं. कोपऱ्यात टाकलेली काठी परत हातात आली. चहासुद्धा मी खुर्चीत नेऊन द्यायचा. एकदा मोजे घालता घालता म्हणाला, "पाय दाबतो गं मी. पण दाबला जातोय की नाही, मलाच आता कळेनासं झालंय." मला इतकं वाईट वाटलं की मी उठून भांडी घासत बसले, घासलेलीच. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, चालणं सोडलंत तर पाय खरंच जाईल. तो ऐकून घ्यायचा आणि खुर्चीत बसून राहायचा.

मग त्याने गाडी विकायला काढली. बर्नीच्या एका माणसाचा फोन आला, गाडी बघायची, घेऊन या म्हणाला. सकाळी नाश्त्याच्या वेळी केल्व्हिनने किल्ली माझ्या ताटलीशेजारी ठेवली. "तू ने. मला नाही जमायचं," एवढंच म्हणाला. ज्या किल्लीसाठी मी इतकी वर्षं टोमणे मारले, ती अशी मिळाली, आणि मला ती नकोशी झाली.

जुन्या किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले. पेंग्विन गावापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे 'थांबा'ची पाटी घेतलेल्या पोऱ्याने थांबवलं. बराच वेळ उभं केलं. मग पाटी फिरवली, मी क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेले, तर करकर. पुन्हा दाबला. पेडल स्पंजासारखं मऊ, खाली टेकलेलं, आणि गिअर पडायला तयार नाही. माझ्या डाव्या पायाला कधी मुंगीसुद्धा चावलेली नाही. तळाला टेकवलेल्या पायाकडे मी बघत बसले आणि मागचे भोंगे वाजत राहिले.

त्या पोऱ्याने आणि आणखी दोघांनी गाडी कडेला ढकलून दिली. इंजिन गार झालं, आणि गिअर गुमान पडला! बर्नीच्या माणसाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. केल्व्हिनला विचारलं नाही. तशीच वळून, इंजिन चांगलं तापवत, रेक्सच्या शेडसमोर आणून उभी केली.

"बस आत. क्लच दाब," मी म्हटलं.

"केलची गाडी आहे. मी कसा बसू?"

"रेक्स, बसतोस की तुला उचलून बसवू?"

बसला. दाबलं. गिअर करकरला. रेक्सने माझ्याकडे बघितलंच नाही, थेट खाली सरपटला. क्लचचं ऑइल नेणारी रबरी नळी तापून मऊ झाली होती. डग पेडल दाबायचा तेव्हा ती मधोमध टम्म फुगायची. सगळा दाब त्या फुग्यातच जात होता, क्लचपर्यंत पोचतच नव्हता. गार असताना नळी कडक, म्हणून शेडमध्ये सगळं ठीक. नळीला अगदी लागून सायलेन्सरचा गरम पाइप गेला होता, आणि तो पाइप झटक्याच्या आधीच्या उन्हाळ्यात रेक्सनेच बसवला होता.

रेक्स नळी काढायला निघाला, पण मी हात लावू दिला नाही. डगला पिटाळलं केल्व्हिनला आणायला.

केल्व्हिन काठी टेकत आला. डगने पेडल दाबलं, केल्व्हिनने वाकून नळी फुगताना पाहिली. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा पाहिली. मग ताठ उभा राहिला.

"तुम्हाला काय वाटत होतं?" त्याने विचारलं.

डग किटलीकडे बघायला लागला. रेक्स म्हणाला, "पाय वाटत होता, केल. तुझा."

"मग तोंडावर का नाही बोललास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मी तुला शिव्या घातल्या असत्या, तूही घातल्या असत्यास. तुला खोटं पाडायला म्हणून तरी मी किल्ली तुझ्या अंगावर फेकली असती आणि त्याच दिवशी हे सापडलं असतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही 'झालं बघ' म्हणत राहिलात आणि मी रोज घरी जाऊन स्वतःचाच पाय चाचपत बसलो. मेलेला समजून चालत होतो मी त्याला, रेक्स."

 त्या 'तुम्ही'त मीही आलेच होते.

नवी नळी डगच्या डब्यात निघाली. रेक्सने पाइप वाकवून दूर केला, ऑइलातली हवा काढली, इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. मग केल्व्हिन आत बसला आणि त्याने डाव्या पायाने क्लच दाबला. गिअर पडला. त्याने सोडून पुन्हा टाकला. पुन्हा पडला. आता हा गाडी घेऊन सुसाट निघणार असं मला वाटलं, पण तो उतरला आणि त्याने किल्ली रेक्सच्या हातात ठेवली.

"घरी आणून सोड," तो म्हणाला. "मी चालत जातो."

रेक्स किल्लीकडे बघतच राहिला. मी काठी पुढे केली, ती केल्व्हिनने घेतली नाही. नदीकाठच्या रस्त्याने तो निघाला, डावा पाय जरासा ओढत. मी काठी काखेत घेऊन त्याच्या शेजारून चालले. मागून हिरवी गाडी पहिल्या गिअरमध्ये येत होती. रस्ता मोकळा होता, तरी घर येईपर्यंत रेक्सने ती पुढे काढली नाही.