परीक्षक क्रमांक पाच

गाठोडं झोपलं की मला चाळीस मिनिटं मिळतात. गाठोडं म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या दुलईत अशी काही गुंडाळली होती की आईनं विचारलं, "हे गाठोडं कुणाचं?" तेव्हापासून तेच नाव पडलं. चाळीस मिनिटांत काय काय होतं याचा मी बारकाईनं अभ्यास केलेला आहे. केस धुवून होतात, वाळत नाहीत. चहा करून होतो, प्यायचा राहतो. माझा सगळा प्रबंध असल्याच चाळीस-चाळीस मिनिटांची ठिगळं जोडून शिवलेला आहे.

विषय सांगितला की लोक हसतात. टोमॅटो. किती उष्णतेवर वाळवले तर त्यांच्या पुडीपासून केलेल्या सुपात टोमॅटोचा खरा वास आणि चव टिकते, एवढाच प्रश्न. "ही गेली चार वर्षं टोमॅटो वाळवतेय," अशी माझी ओळख नवरा करून द्यायचा. शेजारी आई असली तर ती पुस्ती जोडायची, "अजून ओलेच आहेत."

आईचं नाक आमच्याकडे प्रसिद्ध होतं. कुणाच्या घरी दूध उतू गेलं, ते तिला जिन्यातच कळायचं. कॉलेजात असताना मी आयुष्यात एकदाच सिगारेट ओढली आणि नंतर तीन तास मोकळ्या हवेत भटकून घरी आले. तिनं दार उघडलं, बाजूला झाली आणि म्हणाली, "आधी आंघोळ कर." पुढे कधी विषय नाही. स्वयंपाक अंदाजानं. गॅलरीत पुदिन्याच्या कुंड्या; येताजाता एक पान चुरगळायचं, बोटं हुंगायची आणि कामाला लागायचं. या विषयाकडे मी वळले ती तिच्यामुळेच, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग खर्च कशाला केलास, मला विचारायचं."

म्हणून चव घेणाऱ्या दहा जणांची यादी केली तेव्हा पहिलं नाव तिचं लिहिलं. अनुक्रमांक नंतर लागले आणि तिला पाच नंबर आला.

ही चव घ्यायची पद्धत इथे सांगायला हवी. आमच्या प्रयोगशाळेत एका भिंतीला लागून छोटे छोटे कप्पे आहेत. प्रत्येकात एक माणूस बसतो. सुपाचा रंग कळू नये म्हणून आत लाल दिवा. समोर एक झडप. ती वर सरकवून आमचे शिपाईमामा वाट्या आत ठेवतात आणि झडप खाली ओढतात. वाट्यांवर तीन आकडी नंबर असतात. कुठला नंबर कुठल्या सुपाचा, हे मामांना माहीत नसतं, आणि ते मुद्दाम. वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून खाणाऱ्याला काही कळता कामा नये, हा पहिला नियम. मी स्वतः तो दोन वर्षं खालच्या वर्गांना शिकवला आहे.

पण गाठोडं तेव्हा दोन महिन्यांचं. आजी सोडून कुणाकडे राहायचं नाही, आणि लाल दिवा दिसला की रडून छप्पर डोक्यावर घ्यायचं. त्याच्या रडण्यानं बाकीच्या नऊ जणांच्या चवी बिघडायला लागल्या. मग मी तोडगा काढला. आई शेजारच्या सामानाच्या खोलीत स्टुलावर बसेल, मांडीवर गाठोडं, आणि तिच्या पाच वाट्या मी स्वतः नेऊन देईन. नंबर तर वाट्यांवर आहेतच, तिला थोडंच काही कळणार आहे? चौदा गुरुवार असे पार पडले. ती एका हातानं गाठोड्याला थोपटायची, दुसऱ्या हातानं चमचा तोंडात न्यायची आणि कागदावर एक ते नऊमधला आकडा लिहायची.

आकडेमोड झाली. मंद आचेवर वाळवलेल्या टोमॅटोचं सूप पहिलं आलं. थोडक्या फरकानं, पण आलं. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "वाळले एकदाचे."

मॅडमनी तक्ते पाहिले. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, कमी बोलतात आणि पेन्सिल फार टोकदार ठेवतात.

"हा पाच नंबर कोण?"

"माझी आई, मॅडम."

"छान नाक आहे. जरा जास्तच छान." त्यांनी पेन्सिल टेकवली. "चौदा वेळा एकदाही चूक नाही. माणूस एकदा तरी चुकतो गं. सर्दी होते, घरी भांडण होतं. बघ जरा नीट."

मला राग आला. माझ्या आईच्या नाकावर शंका. त्या रागातच मी मामांची नोंदवही काढली, मॅडमना दाखवून द्यायला. नवव्या गुरुवारी, वाटप संपल्यावर पातेल्यांवरच्या चिठ्ठ्या ताडून, मामांनी लाल शाईत एक ओळ लिहिलेली होती: ४१७ आणि ६३२ मध्ये अदलाबदल, तक्त्यात दुरुस्त करावी. मला आठवलं. त्या दिवशी माझी रात्रभर झोप झाली नव्हती आणि नंबरांची चिठ्ठी मी उलटी वाचली होती, तक्त्यातही तशीच उतरवली होती. ४१७ मध्ये मंद आचेचं सूप आहे असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्यात सगळ्यात करपट सूप होतं.

बाकी नऊ जणांनी करपटला कमीच गुण दिले होते, कुणी तीन, कुणी चार. आईनं ४१७ ला नऊ दिले होते.

त्या एका चौकटीकडे मी किती वेळ बघत बसले ते आठवत नाही. तिचे गुण सुपाला नव्हतेच. मला जे वाटत होतं, त्याला होते.

मग एकेक आठवायला लागलं. गेलं वर्षभर ती भाजी करताना मला हाक मारायची, "जरा बघ गं, नीट झालीय का?" मला वाटायचं, माझ्या शिक्षणाचा मान ठेवतेय. चाळीस वर्षं अंदाजानं शिजवणाऱ्या बाईनं मापाचे चमचे विकत आणले होते. मला वाटलं, वय झालं. पुदिन्याच्या कुंड्या तिनं शेजारणीला देऊन टाकल्या आणि हजार तुकड्यांचं चित्र जुळवायचा खेळ आणला. मी म्हटलं, "छान, नवा छंद." असं म्हणाले मी.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. बाबा गेल्यापासून ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. सकाळी येते, संध्याकाळी जाते. गाठोडं झोपलं. ती जेवणाच्या टेबलावर तुकडे जुळवत बसली; आकाश जुळवत होती, सगळेच तुकडे निळे. मी दूध तापायला ठेवलं, गॅस मोठा केला आणि तिच्यासमोर येऊन बसले.

मी ते मुद्दाम केलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दूध उतू गेलं. मग करपायला लागलं. वास आधी स्वयंपाकघरात होता, मग दारात आला, मग आमच्या दोघींच्या मध्ये, टेबलावर. तिनं एक निळा तुकडा उचलला, फिरवून पाहिला, बसेना म्हणून परत ठेवला.

"आई," मी म्हटलं, "दूध करपलं."

तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. मी उठून गॅस बंद केला. परत आले तेव्हा ती दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती, परक्याच्या घरी बसतात तशी.

"कधीपासून?"

"हिच्या जन्माआधी दोन आठवडे. तो ताप आला होता ना."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुला? तू तेव्हा धड उठूबसू शकत नव्हतीस." ती टेबलावरचा कचरा बोटानं गोळा करू लागली. "डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यात येईल वास. मग म्हणाले, सहा महिने बघू. मग म्हणाले, आजी, आता सवय करा. आजी म्हणाला मेला. त्याच्याहून माझे केस काळे आहेत."

"मग गुण कसे दिलेस?"

"तुझ्याकडे बघून." अगदी सहज म्हणाली. "बाकीच्या वाट्या तू ठेवायचीस तशा ठेवायचीस. एक वाटी मात्र हळू ठेवायचीस. लहानपणी चित्र दाखवायला आणायचीस ना, तशी. तिला नऊ."

"अगं, चार वर्षांचं काम आहे ते."

"म्हणूनच तर."

"नाही म्हणायचं होतंस. मी दुसरं कुणीतरी बघितलं असतं."

"आणि मग कारण विचारलं असतंस. मग टोमॅटो राहिले असते बाजूला आणि मला घेऊन डॉक्टरांकडे खेटे घातले असतेस." कचरा तळहातावर घेत म्हणाली, "मला वाटलं, बाकी नऊ जण आहेत की. माझ्या एकटीनं काय बिघडणार आहे?"

घरी काय खातेस, असं मी विचारलं. म्हणाली, "कुरकुरीत काहीतरी. आवाज तरी येतो. बाकी सगळं नुसतं खारट नाहीतर आंबट. मधलं सगळं गेलं."

तिचे गुण काढून मी पुन्हा आकडेमोड केली. फरक उरला नाही. मंद आच, मोठी आच, पहिली चार सुपं लोकांना सारखीच. फक्त करपट तेवढं कळत होतं. प्रबंध द्यायला अकरा दिवस होते. मुदतवाढ गाठोड्याच्या वेळी घेऊन संपली होती. तिचे आकडे तसेच ठेवले असते तर मॅडमनी पुन्हा विचारलं नसतं. त्यांनी फक्त "बघ" म्हटलं होतं. आणि ते आकडे म्हणजे आईनं चौदा गुरुवार पाण्यासारखं सूप गिळून मला दिलेली भेट होती. ती पुसायची कशी?

दोन दिवस मी ती फाइल उघडून मिटत होते. तिसऱ्या दिवशी आईनंच विचारलं, "मला काढलंस का?"

"नाही अजून."

"काढलंस तर काय होईल?"

"लोकांना फरक कळत नाही, असं लिहावं लागेल."

"मग लिही. मीही आयुष्यात एकदा नापास होऊन बघते." तिनं गाठोड्याचं नाक पुसलं. "पण कारण नीट लिही हो. आई खोटारडी होती असं नको."

मी लिहिलं: परीक्षक क्रमांक पाच यांना वास येत नसल्याचे नंतर लक्षात आले, त्यांच्या नोंदी वगळल्या आहेत. त्यांना वाढण्याच्या पद्धतीतील चूक संशोधकाची आहे. दोन वाक्यं. चाळीस मिनिटं पुरली नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वयस्कर होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "हा पाच नंबर. वास येत नाही, हे तुम्हांला किती दिवसांनी कळलं?"

"जवळजवळ एक वर्षानं, सर."

"रोज संपर्क नसेल."

"रोज होता, सर," मी म्हटलं.

त्यांनी पुढचं पान उलटलं. पदवी मिळाली.

घरी आले तेव्हा दुपार होती. आई पलंगावर आडवी होती, गाठोडं तिच्या छातीवर पालथं झोपलेलं. तिचं नाक गाठोड्याच्या टाळूवर टेकलेलं होतं. मी दारात थांबले. वर्षभर मी तिला असंच बघत आले होते आणि दर वेळी मला वाटायचं, आजी नातीला हुंगतेय.

"झालीस पास?" डोळे न उघडता तिनं विचारलं.

"झाले."

"ये मग. बस इथे." मी बसले. तिनं गाठोड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझा वास आठवतो मला, लहानपणीचा. हिचा नाही माहीत. हिचा कसा आहे गं?"

माझ्या प्रबंधाच्या शेवटी वासासाठी वापरायच्या बावीस शब्दांची यादी आहे. वाळल्या गवतासारखा, धुरकट, कोमट दुधासारखा, उन्हात टाकलेल्या कापडासारखा. ती जमवायला मला दीड वर्ष लागलं. मी वाकले, गाठोड्याच्या टाळूवर नाक टेकलं आणि मला एकही शब्द आठवेना. डोळ्यांतून पाणी आलं ते गाठोड्याच्याच केसांत पडलं.

"घाई नाही," आई म्हणाली. "ती झोपलीय अजून. चाळीस मिनिटं आहेत."

मी डोळे पुसले आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. आई डोळे मिटून ऐकत होती. चुकीचा शब्द आला की मान हलवून नाही म्हणायची, जणू तिला माहीतच होतं.