कफाच्या आतला डाग

गुन्ह्यांच्या मालिकेचं एक बरं असतं. पाऊण तासात खून होतो, तपास होतो, बेड्या पडतात आणि बघणाऱ्याला वेळेवर अंथरुणावर पडता येतं. खरा खटला चालतो तो दुसऱ्या दिवशी, वाहिनीच्या पानावर, प्रेक्षकांच्या अभिप्रायांत. तिथे उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रत्येक जण न्यायाधीश, आणि फाशीपेक्षा कमी शिक्षा द्यायला कुणी तयार नसतं.

सोमवारी दुपारी डागवाली दुकानाच्या गल्ल्यामागे स्टुलावर बसून हे अभिप्राय वाचत होती. तिला सगळा परिसर डागवालीच म्हणायचा. दोन यंत्रं, एक वाफेची इस्त्री आणि मागच्या खोलीत दगडी हौद, एवढीच तिची लाँड्री; पण शाई, तेल, गंज, रंग, काहीही असो, लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून कपडे घेऊन यायचे. दारावर तिने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती : घाई केली की डाग कायमचा.

कालचा भाग तिने एकटीने पाहिला होता. गोष्ट तिच्याच घरची होती; फक्त नावं बदलली होती, धंदे बदलले होते. औषधांच्या दुकानातली मुलगी मालिकेत फुलं विकत होती, आणि डागवालीचा भाऊ गाडी चालवायला शिकवायचा त्याऐवजी तिथला भाऊ कुलपं दुरुस्त करत होता. पण जिना तोच होता, संध्याकाळ तीच होती आणि शेवटी ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटीही आली होती. नऊ वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानातली ती मुलगी मागच्या इमारतीच्या जिन्यात डोकं फुटून मेलेली सापडली. पोलिसांनी डागवालीच्या भावाला धरलं, खटला चालला आणि पुराव्याअभावी तो सुटला. मालिकेत मात्र कुलूपवाल्याला सोडलं नव्हतं. त्याच्या बहिणीने त्याचा शर्ट उकळत्या पाण्यात टाकला, रक्त पार निघून गेलं, आणि शेवटी इन्स्पेक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “तुम्हाला बिचारीला काय माहीत!”

अभिप्राय चारशेच्या वर गेले होते. ‘निवृत्त मास्तर’ नावाच्या गृहस्थांना इन्स्पेक्टरचं काम आवडलं होतं. ‘दोन मुलांची आई’ हिला भावाच्या डोळ्यांची भीती वाटली होती. कुणी लिहिलं होतं, ‘बहीण बिचारी फसली.’ खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं, ‘बिचारी कसली, तिलाही आत टाका.’ मग त्या दोघांचीच वीस-पंचवीस उत्तरांत जुंपली होती.

हे सगळं डागवालीने गिळलं. नऊ वर्षांत तिची कातडी निबर झाली होती. खटल्याच्या दिवसांत गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली होती, नातेवाइकांनी फोन उचलणं सोडलं होतं. घर फिरलं की वासेही फिरतात, हे तिने तेव्हाच बघून घेतलं. आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता आणि ती सतरा. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. आता त्याला सात वर्षांची मुलगी होती. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि “आत्या, आज कुठला डाग?” असं विचारत हौदाच्या कठड्यावर चढून बसायची. जग काय म्हणतं याची मग डागवालीला फारशी पडलेली नव्हती.

पण एका अभिप्रायाने तिचं डोकं फिरवलं. ‘शर्ट उकळत्या पाण्यात धुण्याचा प्रसंग इतका खरा होता की अंगावर काटा आला.’ त्याला दोनशे जणांनी पसंती दिली होती.

खरा? रक्त आणि उकळतं पाणी? अरे, शेंबड्या पोरालाही कळेल! तिने चष्मा सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा अभिप्राय लिहायला घेतला. नावाच्या जागी ‘एक प्रेक्षक’ असं टाकलं.

‘रक्त गरम पाण्यात शिजतं आणि धाग्यात पक्कं बसतं. आधी थंड पाणी आणि मीठ, दोन तास. मग औषधाच्या दुकानात मिळतं ते जखमेवर फेस येणारं पाणी, थेंब थेंब. एवढं करूनही कफ ताठ राहावा म्हणून आत घातलेल्या जाड बकरमात ते उरतंच. तिथे कफ उसवून बकरम बदलावं लागतं आणि जुन्याच भोकांतून परत शिवावं लागतं, म्हणजे कुणाला कळत नाही. मालिकावाल्यांनी जाणकाराला विचारायला हवं होतं. घाई केली की डाग कायमचा.’

तिने ते पाठवलं आणि मोठ्या समाधानाने एका कोटाच्या अस्तरावरचं मेण खरवडायला बसली. तासाभराने फोन पाहिला तर तिच्या अभिप्रायाला शंभर पसंत्या. ‘भारी माहिती!’ ‘काकू, तुम्ही कुणाला धुतलंत?’ असे विनोदही होते. तिला हसू आलं. कसबाचं कौतुक कुणाला नको असतं?

त्याखाली एक उत्तर होतं, ना हसणारं ना रागावलेलं.

‘मालिकेत डाग शर्टाच्या छातीवर होता. कफाचं काहीच दाखवलेलं नाही. कफाविषयी तुम्हाला कुणी सांगितलं? खटल्यात त्या शर्टाचा उजवा कफ वेगळ्या दोऱ्याने शिवलेला निघाला होता. ते वर्तमानपत्रात आलं नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसले होते म्हणून मला माहीत. मी तिची आई.’

डागवालीच्या हातातली सुरी गल्ल्यावर पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपण आपली एक सर्वसाधारण गोष्ट लिहितोय, असंच तिला वाटलं होतं. पण तीस वर्षांच्या धंद्यात कफ उसवून बकरम तिने एकदाच बदललं होतं.

ती बाई तिला आठवली. करड्या रंगाचा कोट, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. सरकारी वकिलाने कफाचं विचारलं तेव्हा डागवाली तिच्याकडे न बघता म्हणाली होती, “फाटला होता, वर्षापूर्वीच शिवला मी.” भाऊ त्या संध्याकाळी सात वाजता घरी होता, असंही ती म्हणाली होती. तो सव्वाआठला आला होता. पण तासाभराने काय होतं, असं तो म्हणाला आणि तिलाही ते पटलं. निर्दोष पोराला वाचवायला एक तास इकडचा तिकडे केला तर देव कोपत नाही.

आणि शर्ट? “ताई, नाक फुटलं गं परत,” म्हणत त्याने तो हौदावर टाकला होता. लहानपणापासून त्याचं नाक फुटायचंच.

तिने डोळे मिटले. दुसऱ्या कुणाचा कपडा असता तर तिने एका नजरेत सांगितलं असतं. डाग बघून माणूस उभा होता की बसलेला, उजवा की डावखुरा, हे ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि लोक चाट पडायचे. हा एकच शर्ट तिने वाचला नव्हता. तो तिने नुसता धुतला होता.

नऊ वर्षांनी तिने तो वाचला. नाक फुटलं तर थेंब छातीवर पडतात. छाती कोरडी होती. बाहीने नाक पुसलं तर बाही बाहेरून भरते. ती बाहेरून स्वच्छ होती. रक्त कफाच्या आत होतं आणि तिथून कोपराकडे ओघळत गेलं होतं. ओघळ खाली वाहतो. म्हणजे हात वर उचललेला होता.

तिने मागच्या हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली.

भाऊ आला होता. शिकवणीची गाडी तशीच रस्त्यात उभी, दिवे चालू.

“ताई, तो अभिप्राय तूच लिहिलायस ना?” तो म्हणाला. “शेवटचं वाक्य वाचलं आणि कळलं. खोडून टाक.”

“का रे?”

“का म्हणजे? लोकांना नसत्या शंका येतात. त्या म्हातारीने काय लिहिलंय बघितलंस ना? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. कानाजवळ केस पांढरे झाले होते. हातात गाडीची किल्ली, नेहमीसारखी बोटावर फिरत नव्हती.

“त्या दिवशी तुझं नाक फुटलं होतं ना रे?”

तो दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “तेव्हा नाही विचारलंस तू. आता कशाला विचारतेस?”

तिला ओरडायचं होतं, त्याच्या थोबाडीत मारायची होती. तिने काहीच केलं नाही. तिच्या पोटच्या पोरासारखा वाढलेला हा माणूस तिला आज इतका परका वाटला, आणि तरी त्याच्या सदऱ्याची कॉलर वळली होती ती सरळ करायला तिचा हात उठला. तो तिने मागे घेतला.

“माझी पोर आहे घरात,” तो म्हणाला. “तुझी भाची. विसरू नकोस.”

“तीही कुणाची तरी पोर होती.”

“ताई, खोड ते. मी उभा आहे इथे.”

तिने फोन उचलला, चष्मा लावला आणि त्याच्यादेखत अभिप्राय खोडला. त्याने सुस्कारा सोडला, तिच्या हातावर थोपटलं आणि शिकाऊ गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेला. नऊ वर्षांपूर्वीही तो असाच थोपटून गेला होता.

दाराला कडी लावून ती मागच्या खोलीत आली. फळीवर एक पत्र्याचा डबा होता. ज्या डागाने तिला हरवलं त्याचा तुकडा ती फेकायची नाही. या डब्यात ठेवायची आणि नवं औषध बाजारात आलं की आधी त्यावर टाकून बघायची. कापडाखाली कापड असे चाळीसएक तुकडे होते. तळाशी, चार बोटं रुंदीची, एक जाड पट्टी निघाली. कडेला तपकिरी झालेली.

या पट्टीवर तिने आजवर एकही औषध टाकून पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी डबा उघडला की हात त्या पट्टीवरून पुढे जायचा. माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, एवढंच.

गेल्या महिन्यात आलेली एक पूड फळीवर होती. ती बकरमातलं जुनं रक्तसुद्धा काढते. कसायाच्या एप्रनवर तिने ती वापरली होती. वाडग्यात थंड पाणी घेतलं, पूड घातली, ढवळली. वीस मिनिटांचं काम. मग जगात कुणाकडे काही उरणार नव्हतं, ना इन्स्पेक्टरकडे, ना त्या बाईकडे. तिने पट्टी वाडग्यावर धरली.

बाहेर शाळा सुटल्याचा कलकलाट ऐकू आला. दारावर छोटी टकटक झाली. “आत्या, दार का बंद? आज कुठला डाग?”

“आज दुकान बंद आहे गं,” ती कशीबशी म्हणाली. “आईकडे जा.” पावलं दूर गेली. तिने पदर तोंडात कोंबला आणि ती रडली, भावासाठी, त्या पोरीसाठी, आणि त्या दुसऱ्या पोरीसाठी, जिच्यासाठी ती नऊ वर्षांत एकदाही रडली नव्हती.

मग वाडगा मोरीत ओतला. पट्टी स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळली, वर तारीख लिहिली आणि गल्ल्यावर समोर ठेवली. फोन घेतला. या वेळी नावाच्या जागी तिने आपलं खरं नाव घातलं, कोर्टात शपथेवर सांगितलं होतं ते, पूर्ण. आणि कालच्या भागावरचा आपला अभिप्राय पुन्हा लिहिला.

‘पहिल्या बाकावरच्या बाईंसाठी. कफ मीच उसवला, खुनाच्या रात्रीच. तो घरी सव्वाआठला आला. बकरम माझ्याकडे आहे, न धुतलेलं. दुकानात बसले आहे, पोलिसांना घेऊन या. मालिकेविषयी एवढंच : शेवटी बहिणीला काही माहीत नव्हतं असं दाखवलंय. ते चूक आहे.’