आर्डिसच्या आधी

मार्लिसने आठ पौंडांच्या डंबेलवर हात ठेवला आणि चर्चच्या तळघराच्या पायऱ्यांवर आर्डिसची पावलं वाजताच तो शेजारच्या पाच पौंडांच्या जोडीवर सरकवला.

आर्डिस एक्याऐंशी वर्षांची. चर्चमधली पहिली कॉफी तिची, भिंतीजवळची उबदार खुर्चीही तिची. सप्टेंबरात बायकांचा व्यायामवर्ग सुरू झाला, तेव्हा तिने पाच पौंडांची जोडी उचलली, म्हणून बाकी सहा जणींनीही तीच उचलली. आता फेब्रुवारी आला, बर्फ खिडक्यांच्या निम्म्यावर चढला, तरी पाचच. वडीलधाऱ्या बाईसमोर तिच्याहून जड वजन उचलायचं म्हणजे मिरवणंच की. बशीतला शेवटचा लेमन बार, म्हणजे लिंबाच्या वडीचा तुकडासुद्धा या बायका अर्धा, मग पाव, मग त्याच्याही निम्मा करत ठेवायच्या. संपवण्याचा आगाऊपणा कुणी करत नसे. नेम मात्र कुणी मोडला नव्हता. मिनेसोटाच्या थंडीत गाड्या सुरू होईनात, गुडघे सुजले, तरी सोमवारी आणि गुरुवारी, प्रार्थनेच्या वेळेला सातही जणी हात जोडून हजर.

वर्ग घेणारी नर्स ट्रूडी महिन्यातून एकदा रक्तदाब तपासायची. मार्लिसच्या दंडावरचा पट्टा सैल करत तिने आकडा हळूच सांगितला. नोव्हेंबरात होता तेवढाच, एकशे अठ्ठेचाळीस. मार्लिसने बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावताना तिचं काज दोनदा चुकलं. तिची आई बासष्टाव्या वर्षी हृदयाने गेली. थोरली बहीण जॉइस त्रेसष्टाव्या. मार्लिसला येत्या मे महिन्यात बासष्ट लागणार होतं.

ट्रूडीने तिच्या औषधांची, चालण्याची, मिठाची चौकशी केली. सगळं नीट होतं. नर्सने मग डंबेलच्या मांडणीकडे नजर टाकली.

"पाच पौंड तुमच्या हातांना आता कळतही नाहीत, मार्लिस. स्नायूंना जरा कष्ट पडले तर हृदयावरचा भार हलका होतो. डॉक्टरांनी चिठ्ठीत काय लिहिलंय?"

"हळूहळू वाढवा, म्हणून."

"मग?"

मार्लिसने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस बुटांच्या नाड्या बांधत होती.

"त्या पाचच उचलतात," ती पुटपुटली. "त्यांच्यापुढे मी कशी..."

ट्रूडी इथे नांदायला आली त्याला वीस वर्षं झाली होती, त्यामुळे इथली रीत ओळखून ती हसली नाही. हे काही मी सांगून व्हायचं नाही, एवढंच म्हणून तिने यंत्र पेटीत ठेवलं.

प्रार्थना झाली. मार्लिसचे ओठ आमेनच्या नंतरही थोडा वेळ हलत राहिले. मग ती आर्डिसजवळ गेली. आधी हवेबद्दल बोलली. मग आर्डिसच्या सुनेच्या खोकल्याबद्दल. मग म्हणाली, "आर्डिस, तुमची काही हरकत नसेल तर आज ते आठ पौंडांचं बघावं म्हणते. नुसतं बघायचं."

आर्डिस बुटाची नाडी अर्धवट टाकून उभी राहिली.

"तुला चालतं?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय. ऑक्टोबरात."

"ऑक्टोबरात." आर्डिस पुन्हा खाली बसली. "आणि तू आज सांगतेस होय गं?"

"तुम्ही पाच उचलत होता ना."

"मी तुझ्यासाठी पाच उचलत होते." आर्डिसचा आवाज होता तेवढाच राहिला. "जॉइस गेली त्याला तेव्हा वर्ष नव्हतं झालं. मला वाटलं, मी जड घेतलं तर ही पोर माझ्या तोडीला तोड म्हणून घेईल, आणि हिला काही झालं तर देवाला काय तोंड दाखवू. या सगळ्यांनाही तेच सांगून ठेवलं होतं."

मागच्या पाचही जणी एकदम जमिनीकडे पाहू लागल्या. त्यांतली एक, पोस्टातली लव्हॉन, हळूच म्हणाली, "मला तर नाताळापासून कंटाळा आला होता."

मार्लिसला हसू आलं. तेवढ्यातच डोळेही भरून आले, म्हणून ती मांडणीकडे वळली. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून तिने आठ पौंडांची जोडी उचलली. खांद्यापर्यंत आली. डोक्यावर गेली. सहाव्या वेळी दंड थरथरला आणि गळ्यापर्यंत लाली चढली. ट्रूडी दोन पावलं पुढे आली. श्वास सोडायची तिने आठवण करून दिली, पण हात लावला नाही. आठव्यानंतर मार्लिसने वजन आवाज न करता खाली ठेवलं.

"दुखतंय कुठे?" आर्डिसने विचारलं.

"दंडात. फक्त दंडात."

आर्डिसने मान हलवली. चाळीस वर्षं गायींची धार काढलेले हात तिने पँटला पुसले, मांडणीच्या कोपऱ्यात वाकली आणि बारा पौंडांची जोडी कॉफीचे कप उचलावेत तशी उचलून मार्लिसच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बाकीच्या पाच जणी निघाल्या, सावकाश, एकमेकींना पुढे घालत.

ट्रूडीने मोजायला सुरुवात केली तेव्हा मांडणीवर फक्त पाच पौंडांच्या सात जोड्या उरल्या होत्या.