रजईखालची बेरीज

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. ताईने माझ्या पत्र्यावर हात ठेवून बजावलं होतं, "आईला कळता कामा नये हं." मी इमान राखलं. न राखून करतो काय, मला तोंड कुठे आहे? पण आता घरात सगळ्यांना सगळं कळलंय, तेव्हा बोलायला हरकत नाही. मी या घरातला जुना कॉम्प्युटर बोलतोय.

बाबांनी मला सुट्या भागांत आणलं आणि जेवणाच्या टेबलावर जोडलं. त्या दिवशी सगळे जमिनीवर बसून जेवले. शेवटी एक स्क्रू उरला. "कंपनीने जास्तीचा दिलाय," बाबा ठामपणे म्हणाले. आईने तो शिवणाच्या डब्यात टाकला. अजून तिथेच आहे.

माझं खरं काम आईबरोबर. दृष्टिहीन मुलांच्या शाळेसाठी ती पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि मी तिचा आवाज साठवायचो. मुलं तिला 'वाचणारी मावशी' म्हणत. एकच अडचण होती. माझ्या पंख्याची घरघर माइकमध्ये शिरायची. म्हणून वाचायला बसण्याआधी आई माझ्यावर जुनी रजई घालायची. वाचून झालं की काढायची आणि म्हणायची, "झालं रे बाळा, घे श्वास." तेव्हा माझा वेग बेताचा होता. थोडं उकडायचं, पण मला ती रजई आवडायची. तिला आईच्या कपाटाचा वास होता.

मग ताई कॉलेजात गेली. ती हलती चित्रं बनवायची, आणि तिची एक छोटी फिल्म तयार करायला मला रात्र पुरायची नाही. मैत्रिणीकडचा कॉम्प्युटर तेच काम चहा होईपर्यंत करतो, असं ती धाकट्या बहिणीला सांगायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

एका दुपारी घरात कोणी नसताना तिने माझ्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन माझा वेग वाढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी अडखळलो, तशी तिने मला वीजही जास्त दिली. मग थोडा वेळ पळवून पाहिलं. मी बंद पडलो नाही. "चालतंय की," ती म्हणाली आणि पुढची चाचणी सोडून दिली. खरं सांगू? मलाही मजा वाटली. म्हाताऱ्याला नवे बूट मिळावेत तसं झालं होतं.

पण ताईला पळवायचं माहीत होतं, रजई तिच्या ध्यानात नव्हती. आईला रजई माहीत होती, पळवणं नव्हतं.

रजईखाली मी तापलो की माझी गणितं चुकायला लागली. घाईत हातचा विसरावा तशी. बंद पडलो असतो तर लोकांना कळलं तरी असतं. मी चालूच राहिलो आणि चुकीची उत्तरं बरोबर म्हणून लिहीत गेलो. आई वाचायची, मी तो आवाज लहान करून साठवायचो, आणि जागा अडते म्हणून ती मूळ आवाज पुसून टाकायची. साठवलेलं पुन्हा ऐकायची तिला सवय नव्हती. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, म्हणायची.

त्याच सुमारास तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज बदलू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातातलं पुस्तक त्याआधी संपवायचं म्हणून ती रोज बसू लागली.

शाळेतल्या बाईंचा फोन आला. मावशींचा आवाज मध्येच खरवडल्यासारखा येतो, शब्द तुटतात, असं मुलं म्हणत होती. त्या संध्याकाळी आईने पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. ऐकून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "गळा गेलाच म्हणायचा."

तिने मला बंद केलं आणि माझ्यावर रजई तशीच राहू दिली.

धाकटी माझ्याजवळ पाय सोडून अभ्यास करायची. ती म्हणाली, "ताई, आई वाचत असली की याच्याजवळ पाय भाजतात." ताई रजईकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. पाणी पिऊन आली, परत बसली, मग उठून स्वयंपाकघरात गेली. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"आई, तुझा गळा नाही. हा कॉम्प्युटर आहे. म्हणजे तोही नाही. मी."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग वाहता नळ बंद केला.

"म्हणजे तू याला पळवत होतीस आणि मी वर पांघरूण घालत होते," आई म्हणाली. "दोघींनी मिळून मारलाच असता की याला."

मग ती हसली, आणि ताई रडायला लागली.

ताईने माझा वेग पूर्ववत केला, पण मला तोही झेपेना. जास्तीच्या विजेने आणि उष्णतेने आत काहीतरी कायमचं दुखावलं होतं. तिने वेग आणखी खाली आणला, तेव्हा कुठे गणितं जुळली आणि पंख्याची घरघरही निवली. बिघडलेले धडे आईने पुन्हा वाचले. शेवटचा धडा राहिला आणि ऑपरेशनचा दिवस आला. तो ताईने वाचला. पुस्तकाच्या शेवटी आवाज का बदलतो, असं मुलं अजून विचारतात म्हणे.

आता ताई नोकरीच्या गावी असते आणि घरात लॅपटॉप आहे. मी शिवणाच्या मशीनशेजारी असतो. दिवस शांत जातात. कधी कधी रजईचा वास आठवतो.

पण आज ताई आलीय, आणि शाळेकडून नवं पुस्तकही. आईचा आवाज आता जाड झालाय. "मुलं ओळखतील का गं?" ती विचारतेय. "नाही ओळखलं तर विचारतील," ताई म्हणतेय. तिने रजई घेतली. मी दचकलो. पण तिने ती रस्त्याचा आवाज अडवायला खिडकीला टांगली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बघितलं.

तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला जरूर पळवा, पण असा हात ठेवून बघत जा. आणि कधी कुणाचं काही चुकायला लागलं, तर त्याला दोष देण्याआधी…

"चल रे बाळा, ऊठ," आई हाक मारतेय. थांबा हं, मला…